पट्ट्याचे कागद

शिमगा जवळ आला की आमच्या उचगावची हवा तिखट होते. गाडीवरून जाणारा माणूस डंकासमोर आला की शिंकतो, शिव्या देतो, आणि घरी गेल्यावर बायकोला विचारतो, आपली चटणी कधी कुटायची? डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि उखळात पडतात, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, आणि शेजारच्या घरातली भांडी फळीवरून हळूहळू पुढं सरकत येतात. हसीनाभाभीच्या डंकावर मी नऊ वर्षं कामाला आहे. मिरच्यांची देठं काढायची, कुटलेलं चाळायचं आणि भरलेल्या डब्यावर खडूनं नाव लिहायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. नावं लिहायला तेवढं पुरतं.

वर्षाची चटणी ही ज्याची त्याची असते. एकीला ब्याडगीचा रंग हवा असतो, एकीला लवंगीचा ठसका, आणि गडहिंग्लजकडच्या बायका संकेश्वरीशिवाय दुसऱ्या मिरचीला हात लावत नाहीत. एकीचा तळलेला कांदा चुकून दुसरीच्या उखळात पडला तर भांडण लागतं. "माझ्यात तिचा लसूण आलाय," म्हणून एक बाई एकदा भरलेला डबा परत घेऊन आली होती. भाभी म्हणाली, "लसणाला काय जात असती व्हय गं?" पण बाई ऐकेना. मला मनातून तिचंच पटलं होतं. आपलं ते आपलं असावं, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नसावा, असं मलाही फार वाटतं. त्या वाटण्यापायीच चार वर्षांपूर्वीच्या चटणीच्या दिवसांत मी एक वाईट गोष्ट केली.

त्या दिवसांत मी एका बाईवर जळत होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं लपवायला जागा राहणार नाही.

माझे मालक, म्हणजे माझे यजमान, एका पेंडीच्या गोदामावर राखणीला होते. त्याआधी तिथंच हमाली करत. त्या वर्षी माघात गोदामातली पोती कमी भरली आणि पोलिसांनी तिघांना नेलं, त्यात हे. जामिनाला उभं राहायला कुणी पुढं आलं नाही. केस अजून चालू आहे, तारखा पडतात. चोरी केली की नाही ते कोर्ट ठरवील, मी इथं ठरवत बसत नाही. पण काही ठरायच्या आधीच ते श्रावणापर्यंत जेलमध्ये होते. अशा माणसाला कच्चा कैदी म्हणतात.

हमालीच्या दिवसांत त्यांना अंतर्गळ झाला होता. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात. आतडं जांघेत खाली उतरायचं. ऑपरेशनला हे घाबरायचे, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टा लिहून दिला. रोज सकाळी उठायच्या आधी ते उताणे व्हायचे, फुगलेलं हातानं आत सारायचे, आणि मी पट्टा कमरेभोवतून घेऊन त्याची गादी बरोबर जागेवर बसवायची. बोटभरही इकडंतिकडं चालायचं नाही. "बसला?" मी विचारायची. "बसला," म्हणायचे, आणि मग उठून ताठ चालायचे. रविवारी पट्टा धुवायचा आणि दोरीवर वाळत घालताना त्यावर टॉवेल पसरायचा, शेजारणींना दिसू नये म्हणून. सासूबाई शेवटपर्यंत आमच्याजवळ होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं. नवराबायकोत अशा पुष्कळ गोष्टी असतात. आमच्यात ही होती, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटायची.

जेलच्या दारात पट्टा काढून घेतला. पट्टा, नाडी, दोरी असलं काही आत चालत नाही, कुणी गळ्याला लावून घेईल म्हणून. हा दुखण्याचा पट्टा आहे, असं यांनी सांगितलं. कागद दाखव म्हणाले. कागद घरी. मग घड्याळ, रुमाल, कमरेचा पट्टा आणि हा पट्टा, सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. हा सगळ्यांत वर होता. पिशवीचं तोंड उघडं, आणि मी ती घेऊन एसटीत बसले.

तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा खिडकीतल्या हवालदारानं विचारलं, "कैद्याचं नाव?" मी नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. मी उभीच राहिले. "मुकी हाईस काय, मावशे?" तो म्हणाला. मागच्या बायका हसल्या. शेवटी मी त्याच्याकडून कागदाचा तुकडा मागून घेतला, तोही खुणेनं, आणि त्यावर नाव लिहून दिलं. पुढच्या वेळेपासून घरूनच चिठ्ठी लिहून न्यायला लागले.

मुलाखत जाळीतून. अलीकडं आम्ही, पलीकडं ते, मध्ये हातभर मोकळी जागा आणि पुन्हा दुसरी जाळी. पंधरावीस माणसं एकाच वेळी ओरडतात. कुणी सांगतं म्हैस व्याली, कुणी म्हणतं भावानं बांध कोरला, एक पोरगी रडत रडत ओरडली की मला दिवस गेलेत, आणि ते सगळ्या ओळीनं ऐकलं. मला ओरडता येत नाही. वीस मिनिटं उभी राहून बघायची. पलीकडून हे विचारायचे, "जेवलीस काय?" मी मान हलवायची. त्यांचा उजवा हात खाली जांघेशी दाबून धरलेला असायचा. मला सगळं कळायचं. पण पट्टा हा शब्द एवढ्या लोकांत मी ओरडणार नव्हते, आणि तेही ओरडणार नव्हते.

मग वकीलबाई आली. सरकारकडून फुकट मिळालेली. फुकटची म्हणजे कशी असणार, ते मी मनात धरून ठेवलं होतं. ती नेमकी चांगली निघाली. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. वयानं माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, माहेर गडहिंग्लजकडचं, म्हणून पहिल्याच दिवशी मला अक्का म्हणाली. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. मला बहीण नको होती.

वकिलांची मुलाखत जाळीतून होत नाही. त्यांना वेगळी खोली असते. टेबल, दोन खुर्च्या, दार उघडं आणि शिपाई बाहेर. तिथं हळू बोलता येतं. "काल तासभर बोललो आम्ही," तिनं मला कोर्टाच्या पायरीवर सांगितलं. आम्ही! तासभर! माझ्या वाट्याला आठवड्याची वीस मिनिटं, आणि त्यातही दुसऱ्याची म्हैस.

तिला सगळं माहीत असायचं. बराकीत इतकी दाटी की झोपेत एकानं कूस बदलली की ओळीनं सगळ्यांना बदलावी लागते. संडासाला दार अर्धंच, म्हणून हे कोंबडं आरवायच्या आधी उठतात. आत त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, "ए गोदाम" म्हणतात. वकीलबाई मात्र त्यांचं नाव घ्यायची, पुढं राव लावून, अहोजाहो करून. पंचवीस वर्षांत जे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, ते ही पायरीवर उभी राहून, पान खाणाऱ्या कारकुनांच्या देखत, दहा वेळा घ्यायची. तिचं बरोबरच होतं. आत गोदाम झालेल्या माणसाला बाहेरून कुणीतरी नावानं बोलवायला हवंच होतं. पण ते कुणीतरी ती झाली, याची आग माझ्या पायापासून मस्तकापर्यंत जायची.

एकदा म्हणाली, "अक्का, तुम्ही सासरी निघताना रडला नव्हता म्हणे? हसत होता?"

माझ्या लग्नातलं माझं हसू त्या खोलीत टेबलावर कसं गेलं? मी म्हटलं, "हसत न्हवतो. दात पुढं हायत माझं."

ती खळखळून हसली. तिचे दात सरळ आहेत.

अजूनही कधी कधी मिरच्या निवडताना मला ती पायरी आठवते. मिरचीचं देठ मोडलं की आतून बारीक बी सांडतं, नखात जातं, आणि संध्याकाळी डोळ्याला हात लागला की कळतं दिवसभर काय हाताळलं ते. जळण्याचंही तसंच. ज्या वेळी हाताला लागतं त्या वेळी काही वाटत नाही.

शिमग्याच्या आधी एका तारखेला तिनं मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "अक्का, त्यांनी मला दुखण्याचं सांगितलंय. पट्ट्याचं."

दोरीवरचा टॉवेल कुणीतरी भर रस्त्यात ओढून काढावा तसं मला झालं.

"आतल्या डॉक्टरांनी बघितलंय," ती पुढं म्हणाली, "पण आधीचे कागद जोडले तर कोर्टात काम लगेच होईल. दवाखान्याचे कागद घरी असतील ना?"

"बघतो की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी म्हटलं, "गावलं न्हाईत."

कागद पेटीत होते. हिरव्या प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नातल्या शालूखाली. डोळे मिटून हात घातला असता तरी हाताला लागले असते.

का दिले नाहीत, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्यांना त्रास व्हावा असं मनात नव्हतं, देवाशपथ. मला एवढंच वाटायचं की हे एक तरी माझ्याकडं राहू दे. नाव तिनं घेतलं, हळू बोलणं तिला मिळालं, लग्नातलं हसू गेलं. आता ते कागद तिच्या टेबलावर जाणार, ती उलगडून वाचणार, कुठली बाजू, किती मोठं, पट्टा कसा बांधायचा. रोज संध्याकाळी पेटी उघडायची, पिशवी हातात घ्यायची, उद्या देऊ म्हणायची आणि शालूखाली परत ठेवायची. शालूला डांबराच्या गोळ्यांचा वास. माझ्या हातांना मिरचीचा. त्या दोन वासांत मी एकवीस दिवस काढले.

मधे एकदा ती डंकावर आली. भर दुपारी, कुटण चालू असताना. सवय नसलेल्या माणसाला तिथं दोन मिनिटंही उभं राहता येत नाही. आत पाऊल टाकलं आणि तिला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, सात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ओढणी तोंडावर. हसीनाभाभीनं डंक बंद केला आणि ओरडली, "अगं ए वकीलबाई, भाईर हुबी ऱ्हा की! कायदा शिकलीस, पण मिरची न्हाय शिकलीस!"

ती बाहेर गेली नाही. लाल डोळ्यांनी माझ्यासमोर उभी राहिली. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटत होतं.

"अक्का, कागद?"

"पेटी समदी उलटीपालटी केली. गावंनात."

"पुन्हा एकदा बघाल?"

"बघतो की."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग मान हलवून गेली. पंचगंगेच्या पुलाकडं जाणाऱ्या रिक्षात बसेपर्यंत तिच्या शिंका ऐकू येत होत्या. भाभीनं डंक चालू केला नाही. परातीजवळ येऊन उकिडवी बसली.

"एवढी पोरगी तुझ्या नवऱ्यासाठनं मिरचीत येऊन हुबारली, आन तू तिला पाणी इचारलं न्हाईस," ती म्हणाली. "काय गं, तुझं काय बिघडलंय?"

"मिरची झोंबली डोळ्याला."

"पयला हंगाम असता तर म्हटलो असतो झोंबली. पाच हंगामात मिरचीबी वळखती माणसाला." आणि उठून गेली.

पाडवा झाला. पाडव्यानंतरच्या मुलाखतीला मी गेले. कैद्यांना एका ओळीत आणत होते. हे सगळ्यांत मागं, वाकून, हात जांघेत घट्ट दाबून, एक पाय ओढत. तोंड पांढरं पडलेलं. जाळीशी पोचले तशी मागून एक शिपाई ओरडला, "ए गोदाम, हात काढ थितला! बायका हायत म्होरं. नीट हुबा ऱ्हा!"

ओळीतले दोघंतिघं हसले. माझ्या शेजारच्या बाईनं मान दुसरीकडं वळवली. यांनी हात काढला. ताठ उभे राहिले. कपाळावर घामाचे थेंब आले ते मला दोन जाळ्यांतून दिसले. मग ते माझ्याकडं बघून हसले आणि नेहमीसारखं ओरडून विचारलं, "जेवलीस काय?"

जेलवाल्यांनी पट्टा काढून घेतला, तो त्यांच्या नियमानं. मी कागद दाबून ठेवले, ते कुठल्या नियमानं? माणसाला ज्यानं ताठ उभं राहता येतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायचा हक्क कुणालाच नसतो, कायद्यालाही नाही आणि बायकोलाही नाही. हे मला आता लिहिता येतं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की तो घाम माझा आहे.

जेलपासून घरी, घरातून पिशवी घेऊन तशीच मंगळवार पेठेत. तिचं ऑफिस एका शिवणकामाच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद. वर गेले, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "गावले."

"बरं झालं, अक्का," एवढंच ती म्हणाली. कुठं गावले, कसे गावले, काही विचारलं नाही. तिथंच अर्ज लिहायला बसली. कागद उलगडले, वाचले, आणि वाचून झाल्यावर उलटे करून ठेवले. मला पाणी दिलं. मी डंकावर तिला दिलं नव्हतं.

कोर्टात ती काय बोलली ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. इंग्रजी थोडं, मराठी जास्त. "साहेब, या माणसाला आत ठेवायचा हुकूम आहे. त्याला दुखत ठेवायचा हुकूम कुठंच नाही." मग म्हणाली की तपासणी चारचौघांत होऊ नये, पडदा लावून व्हावी. पडद्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, टॉवेलचंही नाही. तिचं तिला सुचलं होतं. मी खाली मान घालून माझ्या चपलांकडं बघत बसले. एवढं मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं असतं तरी मी उभी राहून बोलले नसते.

हुकूम होऊन पट्टा हातात पडेपर्यंत आणखी एकोणीस दिवस गेले. श्रावणात जामीन झाला, दिवाळीनंतर ऑपरेशन. आता पट्टा लागत नाही.

बाकीचं मात्र अजून आहे. अजून पहाटे उठतात. संडासात गेले की आधी कडी दोनदा चाचपून बघतात. गल्लीत पोस्टमन जरी मोठ्यानं ओरडला तरी बसल्या जागी पाठ ताठ करतात आणि दोन्ही हात पुढं दिसतील असे ठेवतात. लग्नाच्या पंगतीत जेवत नाहीत. आणि झोपेत मी कूस बदलली की तेही बदलतात, डोळे न उघडता. पहिल्या वेळी मला वाटलं माझ्यासाठी वळले. मग ध्यानात आलं.

परवा रविवारी वकीलबाई घरी आली. चार वर्षांत तिला चष्मा लागलाय. तेवढ्यानंही मला जरा बरं वाटलं. बरोबर टाइप केलेला अर्ज होता. कैद्यांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंबद्दल, चष्मा, कानाचं यंत्र, काठी, पट्टा. दारात काढून घ्यायचंच असेल तर डॉक्टरनं बघून त्याच दिवशी परत द्यावं, कागद मागाहून बघावेत, अशी मागणी. ज्यांच्यावर हे गुजरलं त्यांची हकीकत खाली, त्यात आमच्या मालकांचीही. त्यांची सही हवी होती.

तिनं वाचायला सुरुवात केली. मी मधल्या दारात उभी. तिचा फोन आला तेव्हापासूनच मला ठाऊक होतं की ही पट्ट्यावाचूनचे दिवस मोजणार, आणि माझे एकवीसही जेलच्या नावावर लिहिणार. ते खोटं पडलं तर सगळा अर्ज खोटा पडेल. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं. सांगायचं तर यांच्या देखत सांगावं लागणार, आणि सांगितल्यावर हे माझ्याकडं कसे बघतील, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तरी सांगायचंच, असं मी ठरवलं होतं.

"...घरच्यांनी कागद सादर केल्यानंतरही एकोणीस दिवस पट्टा मिळाला नाही," तिनं वाचलं, आणि पुढच्या माणसाकडं गेली.

"आन त्याच्या आदूगरचं एकवीस?" मी विचारलं. आवाज इतका मोठा निघाला की माझीच मी दचकले.

ती थांबली. माझ्याकडं बघितलं नाही. यांच्याकडं बघितलं. आणि यांनी तिच्याकडं.

"ते घरातलं हाय," हे म्हणाले. "अर्जात न्हाय घालायचं."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"हिरवी पिशवी पेटीत कुणी ठेवली? म्याच की. म्याडम म्हणल्या, अक्कांना कागद गावंनात. म्हटलं गावतील, तिच्या मागं लागू नगासा."

"मी म्हटलं होतं, कागदावाचून अर्ज टाकू," वकीलबाई हळूच म्हणाली. "हेच नको म्हणाले. म्हणाले, ती खोटी पडेल. आपणहून देईल, थांबा."

"मग डंकावर कशाला आलीस?"

"राहवलं नाही, अक्का. ते फार कळवळत होते."

मी यांना म्हटलं, "एकवीस दिस? तसंच दुखत?"

"दुखायचं की." ते जमिनीकडं बघत होते. "पर तू गप बसलीस म्हंजी कायतरी असणार. एवढं कळतंय मला, जाळीतनंबी."

दुसरी बायको रडली असती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला. त्या खोलीत, त्या टेबलावर, मी नव्हते तेव्हा माझं खोटं बोलणं निघालं होतं. दोघांनी ते बघितलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून झाकून ठेवलं. जिथं यांची स्वतःची काही अब्रू ठेवली जात नव्हती, तिथं बसून यांनी माझी ठेवली. आणि ठेवायला जोडीला कोण, तर ती. चार वर्षं मला वाटत होतं की एवढं पाप तरी माझ्या एकटीचं आहे. त्यातही तिचा वाटा निघाला.

"लिवा," मी म्हटलं. "बायकोनं एकवीस दिस कागद दाबून ठेवलं, आसं लिवा."

"तसं लिहिलं तर समोरचे म्हणणार, बघा, उशीर घरच्यांनीच केला," ती म्हणाली. "आत अजून माणसं आहेत, अक्का. त्यांचं काम अडेल."

तिचं बरोबर होतं. तिचं नेहमी बरोबर असतं. यांनी सही केली, खाली वाकून, एकेक अक्षर काढत. अर्जात माझे एकवीस दिवस बसत नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवले. कुठंतरी लिहिलेले असावेत.

हे तिला स्टॉपपर्यंत पोचवायला गेले. मी दारातून बघत होते. ती काहीतरी सांगत होती, हात हलवत, आणि हे तिच्या शेजारून चालले होते. दोन्ही हात मोकळे, पाठ सरळ. इतके ताठ चालताना मी त्यांना पट्ट्याच्या दिवसांतही बघितलं नव्हतं. बस आली तरी दोघं बोलतच होते. एक बस सोडली. दुसरी आली तेव्हा ती चढली.

परत आल्यावर मी विचारलं, "काय बोलत हुतासा एवढं?"

"तुझंच."

"माझं काय?"

"ते म्याडमलाच इचार," म्हणाले, आणि हसत हसत आत गेले.

मी विचारणार नाही. मेले तरी विचारणार नाही.